आई माझ्याशी कन्नडात बोलते

माझी आई माझ्याशी मराठीत बोलत नाही आणि त्याचं कारण मी आहे, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. बायको हुबळीची, कन्नड घरातली. तिला वाटतं, सासूबाई तिच्यासाठी म्हणून घरात कन्नड बोलतात. पाहुण्यांना ती कौतुकानं सांगते, ‘आमच्या अत्ते इतक्या चांगल्या, सुनेला परकं वाटू नये म्हणून स्वतःच्या मुलाशीसुद्धा आपल्या भाषेत बोलत नाहीत.’ मी तेव्हा पाणी आणायला आत जातो.

आम्ही मूळचे इथलेच, बंगळूरचे. म्हणजे कुठले, ते मला नीटसं सांगता येत नाही. कुणीतरी पूर्वज फौजेबरोबर इकडे आला आणि राहिला, एवढंच घरात सांगत. महाराष्ट्रात आमचं गाव नाही, नातलग नाहीत, कुलदैवताचं नाव तेवढं तिकडचं. चिकपेटच्या मागे एका अरुंद गल्लीत वडिलांचं शिंप्याचं दुकान होतं. ते वकिलांचे काळे कोट शिवत. काजं आणि बटणं घरी येत आणि ती आई करी. दाताखाली दोरा धरून ती बोलत असे, दोरा तुटला तरी बोलणं तुटत नसे. ते बोलणं म्हणजे आमचं मराठी. त्यात अर्धं कन्नड, थोडं तमिळ, आणि जुने काही शब्द, जे आता तिकडे कुणी वापरत नसावं. ‘बेगीन ये’, ‘स्वल्प सरक की’, ‘काय करालास रे?’ मला वाटे, जगात मराठी असंच असतं.

तसं नसतं, हे इंजिनियरिंगला पुण्याला गेल्यावर कळलं. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये मी वाढप्याला म्हणालो, ‘अण्णा, स्वल्प सारू घाल की.’ थोडी आमटी वाढ, एवढंच. टेबलावरचे सगळे थांबले. मग एकानं विचारलं, ‘कुठल्या तमाशातून उचललं रे ह्याला?’ दुसरा म्हणाला, ‘ए, पुन्हा बोल ना. पुन्हा, पुन्हा.’ मी पुन्हा बोललो. हसलोही त्यांच्याबरोबर. पुढे कितीतरी दिवस नवीन कुणी आला की मला बोलावून ते वाक्य म्हणायला लावत. ती मुलं वाईट नव्हती. परीक्षेच्या वेळी त्यांनीच मला नोट्स दिल्या. पण मी ठरवलं, हे बोलणं परत तोंडातून येऊ द्यायचं नाही. खोलीत दार लावून बातम्या ऐकायचो आणि निवेदकाच्या मागून वाक्यं म्हणायचो. पदवी घेऊन बंगळूरला परत आलो तो हे मराठी घेऊन, ज्यात आत्ता लिहितो आहे. हे मी कमावलेलं आहे. आईचं नाही.

पुढे नोकरी लागली, लग्न झालं, येलहंक्याला फ्लॅट घेतला. सोसायटीत पुण्यामुंबईची बरीच कुटुंबं होती, त्यांनी मराठी मंडळ काढलं. गणपतीत सूत्रसंचालन कुणी करायचं असा प्रश्न आला तेव्हा मी उभा राहिलो. पहिल्या कार्यक्रमानंतर एक जण म्हणाले, ‘काय शुद्ध बोलता हो! पुण्याचे का?’

मी म्हणालो, ‘हो, पुण्यातच होतो.’

खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं. आणि लोकांचा एकदा तसा समज झाल्यावर तो मोडणं जड जातं. दर वर्षी मी तसाच माइकवर उभा राहायचो, लोक टाळ्या वाजवायचे आणि कार्यक्रम संपल्यावर मी इतका दमलेला असायचो की जेवण जात नसे. बायको म्हणायची, ‘बोलूनच तर आलात, पोती उचलून नाही.’

वडील गेल्यावर आईला आमच्याकडे आणलं. हिवाळा होता. मी तिला घेऊन बाजारातून येत होतो, तिच्या हातात अवरेकाय होत्या. आमच्या भागात ह्या शेंगांचा हंगाम म्हणजे सणच, आणि त्यांचा वास चांगला असेल तरच आई त्या घेते. लिफ्टमध्ये मंडळातल्या वरच्या मजल्यावरच्या बाई होत्या. त्यांनी नाक वर करून वास घेतला.

‘अय्या, कसला छान वास येतोय! काकू, काय हो हे?’

आईचा चेहरा उजळला. अनोळखी इमारतीत कुणीतरी मराठीत बोललं होतं. तिनं तोंड उघडलं, ‘हे की—’ एवढंच म्हणाली असेल. मला ती मेस दिसली. ‘पुन्हा बोला ना काकू’ हेही ऐकू आलं, जे कुणी म्हटलेलं नव्हतं. मी मध्येच बोललो.

‘आईला मराठी येत नाही हो. ती इथलीच. कन्नडच बोलते.’

‘हो का? सो स्वीट,’ बाई म्हणाल्या.

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. पिशवीकडे पाहिलं. मग बाईंना म्हणाली, ‘अवरेकाय. वासने चेन्नागिदे.’ वास चांगला आहे, असं. कन्नडात. लिफ्ट थांबली आणि आम्ही उतरलो.

त्या संध्याकाळी ती शेंगा सोलत बसली होती. मी उगाच तिच्याजवळ जाऊन बसलो, एकदोन शेंगा सोलल्या. ती म्हणाली, ‘ऊट माडतीया?’ जेवतोस का, हेच तिनं आयुष्यभर मला विचारलं होतं, पण ह्या शब्दांत कधी नाही. मला वाटलं, बायको स्वयंपाकघरात आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी बायको ऑफिसला गेली होती, तरी कन्नडच. मग रोजच.

आता जे लिहितो ते लिहायला मला जड जातं आहे. मला बरं वाटलं होतं. दुखलं, पण आधी बरं वाटलं. कारण आता जिन्यात, बागेत, कुठंही तिला माझ्याबरोबर कुणी पाहिलं तरी धोका नव्हता. मीही कन्नडात उत्तर देऊ लागलो. आम्ही दोघंही कन्नड चांगलं बोलतो, त्यामुळे घरात कुणाला काही कमी पडल्यासारखं वाटलं नाही. भांडण नाही, अबोला नाही. मायलेक रोज बोलत होते.

गणपतीत ती पुढच्या रांगेत बसे. मी वर माइकवर, आणि त्या वरच्या मजल्यावरच्या बाई तिच्या शेजारी बसून तिला हिंदीत सांगत असत, ‘काकू, आपका बेटा बोल रहा है कि अब आरती होगी.’ आई मान हलवून म्हणे, ‘सरी, सरी.’ बरं, बरं. हे मी स्टेजवरून पाहत असे आणि पुढचं वाक्य म्हणत असे.

गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलात दोन खाटांच्या मध्ये पडदा होता आणि पलीकडे चिकपेटमधल्याच एका जुन्या मराठी घरातल्या बाई होत्या, आईपेक्षा थोड्या मोठ्या. मी ऑफिसमधून फ्लास्कमध्ये कॉफी घेऊन पोचलो तर आतून हसणं ऐकू आलं. आईचं. ते हसणं मी विसरलो होतो. दारातच थांबलो.

‘अग, नर्सबाई एवढीशी आणि सुई एवढी!’ आई म्हणत होती. ‘म्हणलं, आधी तू सुईमागनं बाहेर ये की, मग टोच.’

‘तुझं एक,’ पलीकडच्या बाई म्हणाल्या. ‘लेक काय करतो म्हणालीस?’

‘कंपूटरमधे हाय. मोठा साहेब हाय. रोज येतो बघ, एक दिवस चुकवत नाही. गुणाचा हाय.’

‘मग काल त्याच्यासंग कन्नडात का बोलालीस ग?’

आई सरळ आवाजात म्हणाली, ‘त्याला आमचं बोलणं येत नाही अक्का. लहानपणी यायचं. सुटलं.’

‘अय्यो. आणि तू शिकवलं नाहीस परत?’

‘मोठ्या माणसाला काय शिकवायचं ग.’

तिच्या आवाजात राग असता तर मी आत जाऊन काही तरी बोललो असतो. राग नव्हता. एखाद्याला साखर चालत नाही हे सांगावं तसं ती सांगत होती. मी आत गेलो आणि आमच्या बोलण्यात म्हणालो, ‘आई, काफी आणलीय. घेतीस नव्हं?’ जीभ जड झाली होती. शब्द बरोबर होते, पण चाल चुकली, हे मलाच ऐकू आलं.

‘अग, येतंय की ह्याला!’ शेजारच्या बाई ओरडल्या.

आईनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग टेबलाकडे हात करून म्हणाली, ‘अल्ली इडु.’ तिथं ठेव.

मी फ्लास्क ठेवला.

त्यानंतर मंडळाची गणपतीची बैठक आली. क्लबहाउसात खुर्च्या गोल मांडलेल्या, कुणाचं तरी बाळ मध्ये रांगत होतं. सूत्रसंचालनाचा विषय निघाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘ह्या वर्षी नको. आणि एक सांगायचं आहे. मी पुण्याचा नाही. चिकपेटचा आहे. आमचे वडील शिंपी होते. आणि माझ्या आईला मराठी येतं. माझ्याहून जास्त येतं.’

हे बोलायला मला इतकी वर्षं लागली होती. त्यामुळे काय होईल ह्याची मी खूप तयारी केली होती. झालं काहीच नाही. एक जण म्हणाला, ‘अरे वा, म्हणजे ओरिजिनल बंगळूरकर! मग पार्किंगचा प्रश्न तुम्हीच सोडवा.’ सगळे हसले. एक तरुण मुलगी उत्साहानं म्हणाली, ‘काका, आजींचा एक छोटा व्हिडिओ करूया ना! त्यांच्या स्टाइलमध्ये दोन-चार वाक्यं. भारी होईल, लोकांना खूप आवडेल.’

‘नाही,’ मी म्हणालो.

‘अहो, मस्करी नाही, प्रेमानंच—’

‘माहीत आहे. तरी नाही. तिला बोलायचं असेल तर ती तुमच्याशी बसून बोलेल. म्हणून दाखवणार नाही.’

ह्या लोकांना मी कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं. आवाज चढला नाही ह्याचं मलाच नवल वाटलं. वरून जवळच्या तळावरचं हवाई दलाचं विमान गेलं, सगळे सवयीनं थांबले, आणि ते गेल्यावर चर्चा मंडपाच्या रंगावर गेली. माझ्या आयुष्याच्या गुपितापेक्षा उकडीच्या मोदकांची ऑर्डर जास्त वेळ चालली. कुणापासून लपवत होतो मी? ज्यांना लपवलेलं उघडं झाल्याचं फारसं काही नव्हतं, त्यांच्यापासून.

फक्त वरच्या मजल्यावरच्या बाई निघताना थांबल्या. ‘म्हणजे त्या लिफ्टमध्ये…’

‘हो.’

‘मी त्यांना दर वर्षी आरतीचा अर्थ हिंदीत समजावत होते हो.’ त्यांचा चेहरा लाल झाला होता. ‘आणि त्या ऐकून घेत होत्या.’

मी मान खाली घातली.

लोक म्हणतात, माणसानं स्वतःला आहे तसं मान्य केलं की हलकं वाटतं. मला हलकं वाटलेलं नाही. एवढंच झालं की मी कमी दमतो. आईशी फोनवर आमच्या मराठीत बोलताना कोण ऐकतंय हे पाहत नाही. ऑफिसात पुण्याच्या एका साहेबानं परवा विचारलं, ‘हे कुठलं मराठी?’ मी म्हणालो, ‘आमच्या घरचं.’ तो ‘अच्छा’ म्हणाला आणि लॅपटॉप उघडला. ह्या दोन शब्दांसाठी मी अर्धं आयुष्य घालवलं. ह्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

रोज सकाळी आई बाल्कनीत बसते तेव्हा मी तिच्याशी आमच्या मराठीत बोलतो. पुष्कळ शब्द गेले आहेत. काजाच्या कडेला घालायच्या टाक्याला आम्ही घरात काही तरी वेगळंच म्हणायचो, ते किती आठवलं तरी सापडत नाही. तिला विचारलं तर ती कन्नडात म्हणते, मलाही आठवत नाही. तिला आठवत असणार. मी बोलत राहतो, ती ऐकते आणि कन्नडात उत्तर देते. परवा मी काही तरी उलटंसुलटं बोललो तर ती खुदकन हसली, आणि मला वाटलं आता बोलेल. तिनं चष्मा पुसला आणि ‘तडा आयतु, होगु’ म्हणाली. उशीर झाला, जा.

माफी मी अजून मागितलेली नाही. कन्नडात मागितली तर ती लगेच ‘सरी’ म्हणून मला मोकळं करेल, हे मी जाणतो. म्हणून तशी मागत नाही. बायकोला समोर बसवून, सगळं सांगून, आईच्याच बोलण्यात तिची माफी मागायची आहे, मग ती कुठल्याही भाषेत उत्तर देवो किंवा न देवो. तेवढं मी तिचं देणं लागतो, आणि ते मी अजून दिलेलं नाही.