मास्तरांचा परदेशी भुंगा

सोयरीक, बाजार, देवदर्शन यांपैकी कशासाठीही नव्हे, तर निव्वळ उकिरडा पाहायला परगावी जाणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात एकच होता, आणि सत्तरच्या दशकात तो मंगळवार पेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या या मास्तरांना एका भुंग्यानं झपाटलं होतं. बोटाच्या पेराएवढा, काळा, पंख अर्ध्या पाठीपर्यंतच आणि डिवचलं की विंचवासारखी वर होणारी शेपटी. "आपल्याकडचा न्हाय त्यो. बोटीतनं आलाय, मालाबरोबर," मास्तर नव्या जावयाबद्दल बोलावं तसं कौतुकानं सांगत. "माशांच्या अळ्या खातोय. ओलं शेण, कुजका भाजीपाला, गुऱ्हाळामागची भिजकी चिपाडं, असलं काय असलं की ह्यो हाय." तो कुठवर पसरलाय, हे शोधायचं त्यांनी अंगावर घेतलं होतं. मी कामांच्या याद्या करणारा माणूस. माझ्या रविवारच्या यादीत मास्तरांबरोबर सायकल काढणं हे पहिलं काम होऊन बसलं. एका लग्नात अक्षता पडत असताना मास्तर मांडवामागच्या उकिरड्यात गुडघाभर उतरलेले. "पावणं, काय हरवलंय काय?" वधूपित्यानं घाबरून विचारलं. "हरवलं न्हाय, सापडलंय!" मास्तर तिथूनच ओरडले.

भिंतीवरच्या नकाशात त्यांचे तांबडे ठिपके चारी दिशांना पसरत गेले; मुरगूड तेवढं कोरं. ते त्यांचं जन्मगाव. शेताच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी बिनसलं, तेव्हापासून बोलणं बंद. "तिकडं कोण जातंय," असं म्हणताना त्यांचं बोट मात्र त्या कोऱ्या जागेवरून हलत नसे.

एके दिवशी मुरगूडच्या एस.टी.चा कंडक्टर दारात आला. हातात काडेपेटी. "तुमच्या थोरल्यांनी दिलीया. म्हणाले, त्याला सांग, तुझा किडा हितंबी आलाय."

मास्तरांनी पेटी उघडली. आत शेपटीला चिमटा असलेला, आपल्याच मातीतला साधा किडा होता. एव्हाना मलाही तेवढं कळत होतं.

"मास्तर, हा तो नव्हे."

"दिसतंय की मला," ते म्हणाले. पेटी त्यांनी हलक्या हातानं मिटली. "पण थोरल्यानं ह्या वयात उकिरड्यात हात घातलाय, राव." आणि आत हाक मारली, "अगं, माझी पिशवी भर!"

आठवड्यानं परतले, ते गावची शेंग आणि गूळ घेऊन. मी दारातच विचारलं, "सापडला का तिथं?"

"बघायचं राहिलंच की," मास्तर म्हणाले. "दोघं घरच्या सोप्यात बोलत बसलो हुतो."

निवृत्त झाल्यावर ते कायमचे तिकडंच राहायला गेले. पेठेतल्या उकिरड्यांकडं ढुंकून बघणारं आता कुणी उरलं नाही.