त्रिवूनकाकांची दुसरी मेणबत्ती

आमच्या मोरावा नदीकाठच्या कसब्याचा आणि भोवतालच्या गावांचा इतिहास हवा असेल, तर आलुबुखार आंबले की त्रिवूनकाकांच्या भट्टीवर येऊन बसावं. काका तांब्याचा हंडा गाडीवर घालून आमच्या लिपा गावातून निघतात आणि घरोघरची दारू गाळून देतात. दारू थेंब थेंब पडते, काकांचं तोंड मात्र धो धो वाहतं. कोण कुठल्या डोंगरातून आला, तुर्क गेल्यावर कुणी कुठलं रान तोडलं, सगळं पाठ.

ओळखायची खूण एकच, घराचा संत. त्याच्या दिवशी मेणबत्ती लागते, गोड गहू शिजतात आणि पाहुणे न बोलावता येतात. संत बापाकडून मुलाकडे येतो, रक्तही बापाकडूनच मोजतात. संत एक तर रक्त एक, आणि रक्त एक तर लग्न नाही. हा नियम सांगून काकांनी किती जुळत आलेली लग्नं मोडली, देव जाणे. माझी नणंद अजून त्यांच्या नावानं बोटं मोडते, चांगला नवरा मिळूनसुद्धा!

स्वतःच्या घराचं सांगताना मात्र मिशीला पीळ. पणजोबा रादोये म्हणे कुऱ्हाड घेऊन लिपात आलेला पहिला पुरुष. आम्ही माना डोलवायचो, फुकटची दारू पीत होतो ना. डिसेंबरात संत निकोलाच्या दिवशी काका भट्टीच्या खोपीत एकटेच एक मेणबत्ती लावायचे. का, तर हंड्याच्या तब्येतीसाठी. माणूसच तऱ्हेवाईक, आम्ही सोडून दिलं.

आणि मग त्यांच्याच नातीनं, स्मिल्यानं, शेजारच्या याब्लान गावचा वुकोता पसंत केला. मुलगा सोन्यासारखा, पण त्यांचा संत लुका आणि काकांचाही लुका. झालं! पोरीनं रडारड केली नाही. फक्त आजोबांना ‘आता पुरे’ म्हणणं सोडलं. ग्लास पुढे केला की निमूट भरून द्यायची. मला विचाराल तर म्हातारा त्यानंच खचला.

त्याच आठवड्यात भट्टी लागली ती नेमकी वुकोताच्या आजीच्या, पेरुनिकाबाईंच्या अंगणात. अर्धं याब्लान जमलेलं. स्मिल्या चुलीत लाकडं सारत होती. पेरुनिकाबाई काकांहून थोरल्या, आडपडदा ठेवणाऱ्या नव्हेत.

“त्रिवून, पोरं एका रक्ताची आहेत का? तू म्हणशील ते मी मानीन.”

नुसतं हो म्हणाले असते तर काकांची मिशी शाबूत होती. त्यांनी धारेखाली ग्लास धरला, भरला, आणि न पिताच खाली ठेवला.

“नाहीत,” ते म्हणाले. “रादोये कुऱ्हाड घेऊन आला हे खरं, पण लोकांची लाकडं फोडायला. ज्या घरी गडी होता, त्याच घरच्या मुलीशी लग्न करून तिथंच राहिला. घरजावई. लुका त्या घराचा संत. आमचा मूळचा निकोला.”

घरजावयाला गावात काय मान असतो, ते मी वेगळं सांगायला नको. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं अंगण खदाखदा हसू लागलं. रादोयेची बायको तर लुकाच्याच घरची, तिच्या रक्ताचं काय, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. बायकांचं रक्त आमचे पुरुष मोजतच नाहीत, या वेळी ते बरंच झालं. काका लालबुंद होऊन बसले होते. त्यांनी ग्लासाकडे हात नेला, तर स्मिल्यानं तो आधीच उचलला होता.

“आता पुरे, आजोबा,” ती म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

डिसेंबरात निकोलाच्या दिवशी काका सवयीनं खोपीत गेले. नाताळाआधीच्या उपासात मांस चालत नाही, म्हणून मी मासे घेऊन त्यांच्याकडे निघाले होते. पाठोपाठ पेरुनिकाबाई, सगळं घर घेऊन, अर्थात न बोलावता. इतकी वर्षं दोन्ही घरांचा लुकाचा सण एकाच दिवशी पडायचा, त्यामुळे त्या घरानं काकांच्या सणाचा घास कधी खाल्लाच नव्हता. काका हंड्याजवळून मेणबत्ती उचलत होते. आम्ही दारात उभे आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“चला, पणजोबा,” ते मेणबत्तीला म्हणाले, “आज घरात बसू.”