थरथरणारी पेटी

मल्लूच्या अपघाताची बातमी आली तेव्हा मी शाळेच्या प्रयोगशाळेला कुलूप लावत होतो. दुपारी पाळी सुटल्यावर मिलच्या फाटकासमोरच ट्रकनं उडवलं, एवढंच निरोप आणणाऱ्याला माहीत होतं. सायकल मारत दवाखान्यात पोचलो, तोवर सगळं संपलं होतं. व्हरांड्यात ट्रकचा ड्रायव्हर हात जोडून उकिडवा बसला होता आणि भेटेल त्याला सांगत होता, "हॉर्न देत होतो हो, सारखा देत होतो..." मी त्याच्या अंगावर धावून गेलो. तेव्हा गौरावहिनींनी, मल्लूच्या बायकोनं, माझा दंड धरला. "गुरुजी, सोडा त्याला. ह्यास्नी ऐकूच येत न्हवतं. तीन वर्सं झाली."

तीन वर्षं! आणि त्या तीन वर्षांत मी दर रविवारी त्याच्या शेजारी बसून गाणं ऐकत होतो.

मल्लिकार्जुन आणि मी दोघेही मंद्रूपचे. घरी तो कानडी बोलायचा, माझ्याशी मराठी, आणि चिडला की दोन्ही एकदम. मी शिकून विज्ञानाचा मास्तर झालो, तो सोलापुरात मिलच्या विणाई खात्यात चिकटला आणि पुढं जॉबर झाला. बिघडलेले माग दुरुस्त करायचे, हे त्याचं काम. मागाच्या चौकटीवर तळवा टेकवून, डोळे मिटून उभा राहायचा आणि कुठला भाग ढिला झालाय ते सांगायचा. त्या खात्यात शेकडो माग एकदम खडखडतात. तिथं बोलणं ऐकू येत नाही, ओठांवरून आणि बोटांच्या खुणांवरून समजून घेतात. त्यामुळं मल्लू समोरच्याच्या तोंडाकडं टक लावून बघतो, याचं मला कधी नवल वाटलं नाही. मिलची सगळीच माणसं तशी बघतात. खात्यातल्या कुणाच्या लक्षात आलं नाही, ते एक वेळ समजू शकतो. पण मी तर मला कान आहेत असं चारचौघांत मिरवणारा माणूस!

गाण्याचं वेड दोघांनाही पोरवयापासून. गणपतीत कुठं मैफल असली की आम्ही मांडवाच्या दांडीला टेकून ती संपेपर्यंत उभे. एखादी तान अंगावर आली की मल्लू माझं मनगट आवळायचा, दुसऱ्या दिवशी वळ दिसायचे. तर तीन वर्षांपूर्वी तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "मास्तर, घरात स्पीकर घ्यायचेत. लई भारी. आयुष्यात एकदाच घ्यायचं, पन सोलापुरात कुनाकडं नसंल असं." कित्येक दिवाळ्यांचा बोनस त्यानं त्यासाठी राखला होता. मला वाटलं, माणसाला हौस आली. कान हातचे चालले होते आणि जे काही उरलंय त्यात थोडं तरी गाणं शिरावं म्हणून तो धडपडत होता, हे मला आज कळतंय.

दुकानात दोन जोड्या होत्या. एक पातळ प्लायवूडची, मोकळ्या, भरदार आवाजाची. पण आवाज चढला की स्पीकरची पेटी अंगभर थरथरायची. दुसरी जाड सागवानी, दोघांना उचलायला जड, सांधे असे की नख जाणार नाही. तिचा आवाज थोडा आखडता, पण स्वच्छ. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, गानं ऐकायचंय का फर्निचर घ्यायचंय?" मग काय, मी आपलं शहाणपण पाजळलं. पेटी हलली की तिचा नाद सुरात मिसळतो, आज गोड वाटतं, चार वर्षांत सांधे खुळखुळे होतात, चांगली पेटी मुकी असावी लागते... असं बरंच काही. मल्लू मात्र पातळ पेटीवर तळवा टेकवून डोळे मिटून उभा होता. मला वाटलं, जॉबरच तो, बांधणी तपासतोय. मी त्याला हलवलं. त्यानं डोळे उघडले, माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"हीच घेऊ की बे."

"अरे, थरथरतीय ती!"

"म्हनूनच की."

मी हसलो. दुकानदारही हसला. मल्लूनं पेटीवरचा हात काढून घेतला. "बरं, तू म्हनतोस तर ती सागवानी." वाद घातला असता तर खरं कारण सांगावं लागलं असतं.

त्यानंतरचे रविवार आठवले की मला माझीच लाज वाटते. मी डोलायचो तेव्हा तो डोलायचा. मी "वाहवा" म्हटलं की तोही म्हणायचा, पण जरा मागून. एकदा मी गेलो तर रेकॉर्ड कधीच संपली होती, सुई शेवटच्या खाचेत नुसती खरखरत होती, आणि हा पेटीला पाठ टेकून बसलेला. "काय, समाधी लागली का?" मी समोर जाऊन विचारलं. तो दचकला, हसला, म्हणाला, "झकास वाजतंय की."

गेल्या आठवड्यात वहिनींकडं गेलो. मला का सांगितलं नाही, हे विचारायचंच होतं. त्या म्हणाल्या, "मिलमध्ये कळलं तर खात्यातनं काढतील, ही धास्ती व्हतीच. पन तुमच्यापासनं चोरलं ते येगळं. म्हनायचे, मास्तरला कळलं तर त्यो रविवारी यायचा बंद हुईल. भैऱ्यासंगं कोन गानं ऐकतंय?"

मी उठलो, एक रेकॉर्ड लावली आणि आवाज शेवटपर्यंत चढवला. खोली भरून गेली, खिडकीचं तावदान वाजायला लागलं. मी सागवानी पेटीवर तळवा टेकवला, डोळे मिटले आणि वाट पाहिली. हाताला काहीही लागलं नाही... निवड अचूक होती माझी, पेटी अगदी मुकी होती.

वहिनी पदरानं दुसऱ्या पेटीवरची धूळ पुसत होत्या. "लई जपायचे हो ह्येला," त्या म्हणाल्या. "आल्यागेल्याला सांगायचे, माझ्या मास्तरनं निवडून दिलंय."