एकच टँकर

भारती लग्न होऊन शेवगाव तालुक्यातल्या त्या गावात आली, तेव्हा सकाळी दुधाच्या तीन गाड्या यायच्या. एक सहकारी संस्थेची, दोन खासगी. तिन्ही गाड्यांचे लोक चौकात हमरीतुमरीवर यायचे आणि त्यात गावाचं भलं व्हायचं. एकाने भाव वाढवला की दुसऱ्यांना वाढवावाच लागायचा.

पुढे काही वर्षांनी एका मोठ्या डेअरीचा माणूस, ओंकार, गावात आला. अंगाने किडकिडीत, बोलायला गोड. भारतीचा नवरा संदीप सुप्याला कारखान्यात, सुट्टीला तेवढा घरी यायचा. सासू लंकाबाई, लहानगी निकिता आणि दोन गाई भारतीच्या अंगावर. ओंकारने तिच्याच पडवीत दूध संकलन केंद्र काढायचं ठरवलं.

"ताई, तुम्ही बारावी झालेल्या. गाव तुमचं ऐकतं," तो म्हणाला.

डेअरीने दूध थंड करायची टाकी दिली, फॅट तपासायचं मशीन दिलं, आणि भाव असा दिला की संस्थेत दूध घालणारा वेडा ठरावा. भारतीने घरोघर जाऊन सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. पैसे वेळच्या वेळी बँकेत पडायचे, कुणाच्या मागे फिरावं लागायचं नाही. गोठे वाढले, घरांवरचे पत्रे जाऊन स्लॅब आले. मोठी झाल्यावर निकिता नगरला नर्सिंगला गेली तीही केंद्राच्याच जिवावर.

संस्थेला कुलूप लागलं तेव्हा कुणी हळहळलं नाही. खासगी गाड्याही एकामागोमाग यायच्या बंद झाल्या. चौक शांत झाला. सकाळी एकच पांढरा टँकर यायचा आणि भारतीच्या दारात थांबायचा.

मग भाव उतरायला लागला. एकदम नाही, थोडा थोडा. संध्याकाळी मोबाईलवर मेसेज यायचा आणि उद्याचा भाव ठरलेला असायचा. कारण कधी लिहिलेलं नसायचं. लोक भारतीला विचारायचे, भारती ओंकारला विचारायची, ओंकार म्हणायचा, "वरून आलंय, ताई." दूध काही घरात साठवून भाव वाढायची वाट बघता येत नाही. गाय दोन वेळा पिळावीच लागते आणि पिळलेलं कुणाला तरी द्यावंच लागतं. हे जसं गावाला कळत होतं तसं डेअरीलाही.

शेजारच्या गोरखने तोंड उघडलं. चाळिशीचा माणूस, गोठ्यात सहा गाई. त्याने देवळाच्या सभामंडपात माणसं गोळा केली.

"दुसऱ्या डेअरीवाल्याशी बोललोय मी. गावातली निम्मी घरं जरी आली तरी त्यो टँकर धाडतो म्हनतोय. आज न्हाई बोललो तर पुढं बोलायला कोन उरनार?"

बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. भारती मागे खांबाला टेकून उभी होती, सभा संपल्यावर घरी आली.

पुढच्याच आठवड्यात ओंकार नवं मशीन घेऊन आला. हे थेट ऑफिसला जोडलेलं होतं. ज्याच्या त्याच्या खात्याचा नंबर दाबायचा, दूध घालायचं, बाकी सगळं मशीन बघणार. चहा पिऊन उठता उठता तो म्हणाला, "सभा चांगली झाली म्हणे."

"मला न्हाई माहीत."

"होता की तुम्ही. मागे, खांबापाशी." आणि हसून गाडीवर बसला.

दुसऱ्या दिवशी गोरखचं दूध मशीनने नाकारलं. पडद्यावर आलं, पाणी मिसळलेलं आहे. गोरख आधी हसला. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच झालं तेव्हा हसला नाही. कॅन उचलताना रांगेतलं कुणीतरी कुजबुजलं आणि त्याचे कान लाल झाले. तिसऱ्या दिवशी भारतीने त्याचं दूध मागे ठेवून घेतलं. रांग पांगल्यावर तिने स्वतःच्या खात्याचा नंबर दाबला आणि त्याच कॅनमधलं दूध मशीनला दिलं.

पास झालं. फॅटही चांगली लागली.

मापाचा पेला विसळायच्या आत फोन वाजला.

"ताई," ओंकार म्हणाला, "आज तुमच्या दोनच गाईंनी एवढं दूध दिलं?" आवाज नेहमीसारखाच मऊ. "सांभाळून करा जरा. निकिताचं शेवटचं वर्ष ना?"

दुपारी ती जेवली नाही. लंकाबाईने खोदून विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं. म्हातारी उंबऱ्यात बसली. "गप ऱ्हा," ती म्हणाली. "टाकी आपल्या दारात हाय. उद्या दुसऱ्याच्या दारात गेली, तर आपल्याला कोन हाय?"

भारती गप्प राहिली नाही. सकाळी सगळ्या रांगेसमोर तिने सांगून टाकलं.

"गोरख भावजी, तुमच्या दुधात पानी न्हाई. काल तेच दूध मी माझ्या नावावर घातलं. पास झालं."

दोघातिघांनी मशीनकडे असं पाहिलं, जणू ते ऐकत होतं. मग मागून चांगुणाबाईने आपली किटली पुढे सरकवली.

"माझं घे बाई. ऊन चढतंय."

तिच्या मागचा पुढे सरकला, त्याच्या मागचा पुढे सरकला. गोरख रिकाम्या ओट्यावर कॅन घेऊन बसला होता. त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं. सभेचं नाव पुन्हा निघालं नाही.

गाई विकून गोरख सुप्याला संदीपच्याच कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला लागला. केंद्र भारतीच्या पुतण्याच्या, करणच्या दारात गेलं. डेअरीच्या माणसांनी टाकी उचलून नेली, तेव्हा पडवीत चौकोनी ओली जागा राहिली. लंकाबाईने ती फडक्याने पुसून घेतली.

गाई आहेत तोवर दूध घालावंच लागतं. भारती आता किटली घेऊन करणच्या दारात रांगेत उभी राहते. तिचा नंबर आला की मागची बोलणी थांबतात. करण मान वर न करता तिच्या खात्याचा नंबर दाबतो. मशीन घरघरतं, पडदा कोराच असतो, आणि ती पदराचं टोक मुठीत धरून वाट बघते.

"आजच्याला पास हाय, काकू," करण हळूच म्हणतो.