अण्वस्त्रे नाकारणाऱ्या देशांच्या अभ्यासक कुमुदबाई

कुमुदबाई पाटणकर मला प्रथम भेटल्या जव्हारच्या महाविद्यालयात. मी पोशेऱ्याहून आलेला, पुस्तकी मराठीला बिचकणारा विद्यार्थी. त्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापक. पहिल्याच तासाला त्यांनी विचारले, “बॉम्ब बनवण्याची ऐपत असूनही बरेच देश तो का बनवत नाहीत?”

मी भीतभीत म्हणालो, “तिथली माणसं चांगली असतील, बाई.”

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. “असेलही. पुरावा शोधू या,” म्हणत त्यांनी माझे वाक्य फळ्यावर लिहिले. आज मी त्याच विभागात शिकवतो.

या प्रश्नाला बाईंनी आयुष्य दिले. कोणी बलाढ्य मित्राच्या संरक्षणावर विसंबतो, कोणाला निर्बंधांची धास्ती, कोणाला शेजारी बिथरेल अशी भीती, तर कुठे जनतेलाच बॉम्ब नको असतो. एकाच कारणावर त्यांचे समाधान कधी झाले नाही. माझा पहिला निबंध त्यांनी तीनदा परत केला. तेव्हा मला रागच आला होता.

एका उन्हाळ्यात महाविद्यालयाचे शिबिर सूर्यमाळला होते. दोन पाड्यांत मिळून एकच विहीर, आणि चोरून पाणी उपसल्याचा एकमेकांवर संशय. आदल्याच दिवशी तिथे पलीकडच्या पाड्यातल्या एकीने फेकलेल्या हंड्याने अलीकडच्या पाड्यातल्या हौसाबाईंच्या सुनेचे कपाळ फुटले होते. बाईंनी ठरलेले भाषण बाजूला ठेवले आणि जमलेल्या बायकांना ब्राझील-अर्जेंटिनाची हकिकत सांगितली. “दोघांकडे अणुसंशोधन, दोघांना एकमेकांचा संशय. शेवटी ठरलं, तुमची माणसं आमच्याकडे येऊन तपासतील, आमची तुमच्याकडे.”

“मंग संशय गेला तेंचा?” हौसाबाईंनी विचारले.

“सगळा नाही गेला. पण तपासता येतं, म्हणून भीती कमी झाली.”

हौसाबाई पलीकडच्या पाड्यातल्या बायकांकडे वळल्या. “तुमच्या पाण्याच्या पाळीला आमची एक बघत बसंल, आमच्या पाळीला तुमची. चालंल?”

मग हंडा फेकणारीच म्हणाली, “आधी तुझ्या सुनेला इचार.”

कपाळाला पट्टी बांधलेली सून उठली. “मीच बसते.”

पाणी काही वाढले नाही, टँकरही उशिराच येत राहिला. पण त्या उन्हाळ्यात विहिरीवर पुन्हा भांडण झाले नाही. मी बाईंचे कौतुक करू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “मी फक्त हकिकत सांगितली. धाडस त्यांनी केलं.”

पुढे त्यांच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत हौसाबाईंचे आभार आले. मोखाड्याहून जीपने सूर्यमाळला जाऊन बाईंनी ते पान त्यांना स्वतः वाचून दाखवले.

आता पंचाहत्तराव्या वर्षी त्या, तयार बॉम्ब स्वतःहून मोडणाऱ्या दक्षिण आफ्रिकेवर लिहीत आहेत. परवा फोनवर म्हणाल्या, “दोन प्रकरणं राहिलीत, आणि गुडघे ऐकत नाहीत.”

बाई, ग्रंथालयाचे जिने आम्ही चढू, पुस्तके घरपोच आणू. तुम्ही ठणठणीत राहा, शंभरी पार करा आणि ती दोन प्रकरणे झाली की तिसरे काढा.