मनकर्णाबाईंची सपाट काच

१६ मे १९६० रोजी अमेरिकेत जगातला पहिला लेझर प्रकाशला. अठरा वर्षांनी नागपुरातील एका महाविद्यालयाच्या कार्यशाळेत काम करणाऱ्या मनकर्णाबाई रंगारी यांनी लेझरचा झोत दुभागणारी काच स्वतः आखून घासली. ती पुरेशी सपाट नसेल तर परदेशी काच मागवायची, असे ठरले होते. प्राध्यापकांनी ती हातात घेऊन तपासणीला लावली. काच सपाट असेल तर तिच्यावर प्रकाशाचे पट्टे सरळ दिसतात; ते वाकडे दिसताच प्राध्यापक म्हणाले, "बाई, जमलं नाही."

शेजारी उभे असलेले कार्यशाळेतील मदतनीस रामाजी यांना बाईंचे उत्तर आठवते: "सर, काचेले काहून दोष देऊन राहिले? तुमच्या हाताच्या गरमीनं फुगली थे. थंडी होऊ द्या नं!"

अर्ध्या तासाने पट्टे सरळ झाले. नोंदवहीत प्राध्यापकांच्याच अक्षरात नोंद आहे: 'परदेशी काच मागवू नये.' बाई हे काम कोणाकडून शिकल्या, ते मात्र अद्याप कळलेले नाही.