जाम चाक आणि गाडीनंच येणारे मामा

तोरणमाळला जायचं आमचं कितव्यांदा ठरलं ते देव जाणे. दर वर्षी ठरतं आणि दर वर्षी कोणाचं तरी बारसं आडवं येतं. या फेब्रुवारीत मी सतीशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, स्पष्ट सांगितलं की आता नाही गेलो तर मी एकटी एसटीनं जाईन. मग पावसाळाभर सोसायटीत नुसती उभी असलेली आमची जुनी गाडी पुसून-बिसून तयार झाली. पुसली म्हणजे तयार झाली, असा त्याचा समज आहे.

जाणाऱ्यांसाठी सांगते. नाशिक ते धुळे रस्ता लोण्यासारखा, टोलचे पैसे मोजून घेतात पण निदान रस्ता देतात. धुळ्यापुढे दोंडाईचामार्गे नंदुरबार, हा रस्ता कधी बरा, कधी देवाच्या भरवशावर. नंदुरबारच्या बाहेर मिरच्यांच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात, मैदानंच्या मैदानं लालभडक. फोटो जरूर काढा, पण काच खाली करू नका. आम्ही केली आणि पुढचा अर्धा तास एकमेकांशी फक्त शिंकांनी बोललो. मुक्काम नंदुरबारला, खोली हजारभर रुपयांत, साधी पण स्वच्छ. रात्री शेवभाजी खाल्ली. तिखट किती ते विचारायचं नाही, पाण्याचा तांब्या जवळ ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी तळोद्याला नाश्ता करून शहाद्याकडे निघणार, तोच स्टँडजवळ एक गृहस्थ थेट गाडीसमोर येऊन उभे राहिले. साठीचे, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, धोतर, टोपी, पायात करकरीत नवे बूट, हातात पितळेचा हंडा. सतीशनं ब्रेक मारला तेव्हा गाडी डावीकडे ओढली गेली. त्याकडे आम्ही दोघांनीही लक्ष दिलं नाही.

"मन्ही भाचीनं लगीन शे," ते म्हणाले. "लोणखेड्याच्या अलीकडे. माले सोडी द्या."

मागे शहाद्याला जाणारी जीप उभी होती, तिचा ड्रायव्हर त्यांनाच हाका मारत होता. मी ती दाखवली.

"ती गाडी नही," ते म्हणाले, "ती वाहतूक शे."

गाडीत बसल्यावर कळलं ते असं. हे हिंमतमामा. मोठ्या भाचीच्या लग्नात बहिणीकडच्यांनी नवरदेवाच्या माणसांना आणायला गाडी पाठवली, आणि सख्खा मामा मात्र फाट्यावरून भर उन्हात पायी चालत आला. कोणी साधं 'कसे आलात' विचारलं नाही. मामांनी आपलं काम केलं, भाचीला मांडवात आणलं, आणि जाताना बहिणीला ऐकवलं की यापुढे तुझ्या दारात पायी येणार नाही. गाडीनं येईन, नाहीतर येणार नाही. तेव्हापासून बोलणं बंद. आज धाकटीचं लग्न. आमंत्रण आलं, गाडी आली नाही. आणि आपल्याकडे मामाशिवाय मुलगी मांडवात येते का? मामा नसेल तर दुसरा कोणी मामा म्हणून उभा करतात. हंडा मांडीवर घट्ट धरून मामा ते 'दुसरा कोणी' असं काही म्हणाले की मी सतीशकडे पाहिलं.

"पोचवतो," सतीश म्हणाला. त्याला अशा वेळी फार अंगात येतं.

वाटेत जळका वास यायला लागला. मला वाटलं उसाचं पाचट पेटवलंय. मग डाव्या चाकातून धूर निघाला. रस्त्यालगतच्या पंक्चरवाल्यानं वाकून बघितलं आणि कॅलिपर जाम झाल्याचं सांगितलं. म्हणजे ब्रेक सोडला तरी तो चाकाला धरूनच बसलेला. जमलेल्यांपैकी एक जण बादलीभर पाणी घेऊन आला, त्याला सगळ्यांनी मिळून अडवलं, कारण तापलेल्या डिस्कवर पाणी पडलं की ती वाकडी होते. पंक्चरवाल्यानं चार ठोके दिले, चाक सुटलं. "पुढे परत धरेल," तो म्हणाला. "धरला की थोडं मागे घ्या, सुटेल. हळू जा." हळू म्हणजे किती, तर आम्हाला एका म्हशीनं ओव्हरटेक केलं.

फाट्यापर्यंत असं धरत-सोडत आलो. तिथून आत गावाचा कच्चा रस्ता, आणि तिथे गाडीनं पुढे जायचं नावच सोडलं. मागे मात्र छान जात होती. दोन पोरं मोटरसायकलवरून चालली होती, त्यांनी मामांना हाक मारली. मामा म्हणाले, "फटफटीले कोनी गाडी म्हनस का?"

मग काय करणार? सतीशनं गाडी वळवली, तोंड हमरस्त्याकडे आणि पाठ गावाकडे केली, आणि रिव्हर्समध्ये निघाला. मी मागे, म्हणजे गाडीच्या पुढे, हात हलवत चालत होते, शेळ्या बाजूला करत. आत मामा ताठ बसलेले. गाव जवळ येत होतं आणि ते त्याच्याकडे पाठ करून चालले होते.

यात एक घोटाळा झाला. उशिरा निघालेलं पाहुण्यांचं एक टोळकं फाट्याकडून आलं. सजलेले मामा हमरस्त्याकडे तोंड करून गाडीत बसलेत हे पाहून ते थबकलं.

"लगीन लागी गयं का?" एका बाईनं कपाळाला हात लावला, आणि सगळे माघारी वळले.

मामांनी काचेतून मुंडी बाहेर काढली. "अरे, आम्ही जाई नही ऱ्हायनूत, येई ऱ्हायनूत." त्यांचा विश्वास बसेना. शेवटी ते गाडीच्या मागोमाग, पण खात्री नसल्यासारखे, चालू लागले.

मांडव दिसायला लागला. मध्ये एक नांगरलेलं शेत, रस्ता त्याला वळसा घालून. आणि तिथे चाक असं बसलं की मागेही नाही, पुढेही नाही. ठोके मारले, हलवलं, सतीशनं गाडीला अर्वाच्य बोलून पाहिलं. मी मामांना म्हटलं, "मामा, उतरा हो. इथून दिसतंय घर." ते समोर बघत राहिले. इतका राग आला मला. जमिनीवर पाय टेकवायचा काय तो प्रश्न, आणि त्यासाठी पोरीचं लग्न घालवतोय हा माणूस. मी दार उघडून धरलं, त्यांनी ते ओढून लावलं.

तेवढ्यात मांडवातला लाउडस्पीकर खरखरला. भटजींचा आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावे."

मामांनी हंडा घट्ट धरला.

पुन्हा खरखर. "मुलीचे मामा आले नसल्यास चुलतमामा चालतील."

दार कधी उघडलं मला कळलं नाही. मामा शेतात होते. रस्ता-बिस्ता काही नाही, ढेकळांतून सरळ मांडवाच्या दिशेनं, धोतर एका हातात, हंडा दुसऱ्या हातात. नव्या बुटांपैकी आधी एक, मग दुसरा मातीत राहिला. मांडवातली माणसं उठून उभी राहिली. आम्ही पोचलो तेव्हा अंतरपाट धरला होता, आणि मुलीच्या मागे मामाच उभे होते, धापा टाकत. बाजूला एक चुलतमामा फेटा काढून परत देत होता.

अक्षता पडल्यावर मामांनी घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी गाडीमा उनू." गाडीनं आलो म्हणे!

 अख्ख्या मांडवानं त्यांना शेतातून पळताना पाहिलं होतं.

त्यांची बहीण, कमलताई, पुढे आली. इतका वेळ तिनं भावाकडे पाहिलंही नव्हतं. "मन्हा भाऊ गाडीमाच उना," ती म्हणाली. "मी देखं." आणि मग सगळेच म्हणायला लागले, हो, आम्हीपण पाहिलं, पांढरी गाडी. कमलताईनं तरण्या पोरांना पिटाळलं. जाम चाकाची बाजू उचलून धरत, आरडाओरडा करत त्यांनी आमची गाडी दाराशी आणून उभी केली. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी वाढेपर्यंत तिच्या बॉनेटला कुंकू लागलं होतं.

मी फोटो काढला. गाडी, तिच्यावर हात ठेवून मामा, आणि समोर कमलताई. मी म्हटलं, "ताई, जरा बाजूला व्हा, मामा झाकले जातायत." त्या हलल्या नाहीत.

रात्री त्यांच्याकडेच राहिलो. दुसऱ्या दिवशी शहाद्याच्या गॅरेजवाल्यानं कॅलिपरच्या गंजलेल्या पिना घासून ग्रीस लावलं, पॅड बदलले, सगळं मिळून अडीच हजारांत. जुन्या गाडीनं सातपुड्यात निघणाऱ्यांनी हे काम घरीच करून घ्यावं. घाट चढायची हिंमत मग आमच्यात उरली नव्हती, तेव्हा तोरणमाळ राहिलंच. नाशिकला येऊन चार दिवस झाले, सतीश आता रोज गाडीखाली वाकून बघतो.

काल फोटो लॅपटॉपवर मोठा करून पाहिला. मामा काही झाकले गेलेले नाहीत. टोपी, सदरा, हात, सगळं नीट दिसतंय. कमलताईनं फक्त नऊवारीचा घोळ हातानं पसरून धरलाय, आणि त्याच्यामागे मामांचे मातीनं भरलेले अनवाणी पाय कुठेच दिसत नाहीत.